आपद्धर्म आणि रात्रपाळी

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी परिचर्याशास्त्राची चार वर्षांची पदवी संपादन करून आणि परिचर्या परिषदेच्या दप्तरी रीतसर नाव दाखल करून एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात नोकरीवर रुजू झाली, तेव्हा आमचे घर तेथून जवळ असल्याने ती आमच्याकडेच राहू लागली. शिक्षणाच्या आरंभी दीपप्रज्वलनाच्या समारंभात हाती ज्योत घेऊन शपथ उच्चारताना तिचा कंठ दाटून आलेला मी सभागृहात बसून पाहिला होता. त्यामुळे नोकरीच्या सातव्या महिन्यात एका सकाळी ती चपला न काढताच दारातल्या खुर्चीवर बसली आणि समोरच्या भिंतीकडे नुसती पाहत राहिली, तेव्हा हा केवळ शरीराचा शीण नव्हे, एवढे मला उमगले. आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता ती कामावर गेली होती आणि रात्री आठला तिची सुटका व्हायची होती. परंतु रात्रपाळीची परिचारिका आली नाही, सिस्टर इन्चार्जनी "आजच्या दिवस डबल कर, उद्या बघू" असे सांगितले, आणि सकाळी पुढच्या पाळीला ताबा देऊन ती घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ झाले. त्या महिन्यातील ही तिची पाचवी डबल ड्यूटी होती, आणि आधीच्या चारही वेळा तिला "उद्या बघू" असेच सांगण्यात आले होते.

चहाचा पेला हातात तसाच धरून ती म्हणाली, "मामा, तुम्ही इतकी वर्षं गीता शिकवलीत. मला एवढंच सांगा. माझी वेळ संपली म्हणून मी निघून आले आणि मागे एखाद्या पेशंटला काही झालं, तर ते पाप माझं का? आणि मी थांबले, आणि माझ्याच हातून काही झालं, तर ते कुणाचं?"

तिच्या प्रश्नाचा उत्तरार्ध कल्पनेतून आलेला नव्हता. पहाटे चारच्या सुमारास एका रुग्णाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे होते. त्याची भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवून घ्यावी लागते. ट्रॉलीवरील तबकात त्या पाण्याच्या कुप्यांशेजारीच पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या पडल्या होत्या, आकाराने आणि रंगाने जवळजवळ तशाच. हे द्रव्य सलाइनमध्ये पातळ करून थेंबाथेंबाने द्यायचे असते. तेच सरळ शिरेत गेले तर हृदयाची क्रिया थांबू शकते. तिच्या बोटांनी कुपी उचलली, मान मोडण्यासाठी अंगठा टेकला, आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरील एका म्हाताऱ्या बाईंनी पाणी मागितले म्हणून तिने मान वळवली. परत वळून कुपीकडे पाहिले तेव्हा तिला अक्षरे दिसली. औषध कपाटातून घेताना, ते सिरिंजमध्ये भरताना आणि कुपी खाली ठेवताना असे तीन वेळा नाव वाचावे, हा नियम तिला चार वर्षे घोकवला होता, आणि त्या पहाटे तिने तो एकदाही पाळला नव्हता. "मी वाचलंच नव्हतं, मामा," ती म्हणाली. "मला वाचल्यासारखं वाटत होतं."

मी महाविद्यालयात बत्तीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले, परंतु कर्माच्या स्वरूपाविषयीचा इतका नेमका प्रश्न मला कोणा विद्यार्थ्याने विचारल्याचे स्मरत नाही. त्या सकाळी मी तिला झोपायला पाठवले आणि उत्तर पुढे ढकलले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे मनाशी जुळत गेले, ते येथे मांडतो आहे.

या प्रश्नाला आपल्या समाजात एक उत्तर तयारच असते, आणि ते देणाऱ्याच्या मनात कपट असते असेही नाही. सेवेला घड्याळ नसते, असे ते उत्तर आहे. त्याच्या पाठीशी मोठी पुण्याई उभी आहे, हे मी नाकारणार नाही. १८९७ साली पुण्याच्या परिसरात प्लेगने थैमान घातले असता सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या डॉक्टर मुलासह, यशवंतरावांसह, रुग्णांची शुश्रूषा आरंभिली. मुंढव्याजवळच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःला लागण झाली, आणि १० मार्च रोजी त्यांचा देह पडला. त्यांच्यापुढे कोणी घड्याळ धरले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या, हे सांगण्याचे कारण नाही.

परंतु त्याच वर्षी, त्याच साथीत, त्याच सत्यशोधक परंपरेतील आणखी एक जीव गेला, आणि त्याची आठवण या संदर्भात सहसा कोणी काढत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि आठवड्यातून एक दिवस तरी मनुष्याला स्वतःच्या देहाचा आणि देवाचा असावा म्हणून मालकांकडे वर्षानुवर्षे तगादा लावून १८९० साली रविवारची सुटी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हे त्यांच्या मागणीमागील एक समर्थन होते. ज्याने विश्रांतीचा हक्क मागितला तोच हा गृहस्थ प्लेगग्रस्तांच्या सेवेत उतरला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगानेच गेला. विश्रांती मागणारा माणूस सेवेला कचरतो, असा जो सरसकट निवाडा आजच्या कचेऱ्यांतून केला जातो, त्यापुढे मी या एका आयुष्याचा दाखला ठेवतो. लोखंड्यांना आठवड्याच्या सहा दिवसांचा हिशेब आणि साथीच्या दिवसांचा हिशेब हे दोन भिन्न हिशेब आहेत, हे पुरते ठाऊक होते.

हाच भेद आपल्या शास्त्रकारांनी आपद्धर्म या नावाने सांगितला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्यावर एक स्वतंत्र उपपर्वच आहे, आणि त्यातील विश्वामित्राची कथा सर्वश्रुत आहे: बारा वर्षांच्या अनावृष्टीत भुकेने व्याकुळ झालेल्या त्या महर्षीने चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस उचलले आणि प्राणरक्षण हाच त्या घटकेचा धर्म ठरवला. त्या युगाच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पना बाजूला ठेवून पाहिले तरी कथेचा आशय उरतोच. पुढे पाऊस पडला, आणि त्यानंतर तोच आहार ऋषींच्या आश्रमाचा शिरस्ता व्हावा, असे कोणी म्हटले नाही. मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी मला अमान्य आहेत. पण आपत्ती नसताना आपत्काळाचा आचार करणाऱ्याला त्याचे फळ मिळत नाही, हे तिचे सांगणे मला विचारपूर्वक केलेले वाटते. आपद्धर्माला उदात्तता येते ती आपत्तीमुळे. भूकंप, महापूर, रेल्वेचा अपघात किंवा २०२० सालची महासाथ अशा वेळी परिचारिका सोळा तास उभी राहते, तेव्हा तिच्यापुढे मस्तक आपोआप लवते. पण जी आपत्ती महिनाभर आधी ड्यूटी-लिस्टवर लिहिता येते, जिच्यासाठी रिकाम्या जागा वर्षभर न भरता राखून ठेवल्या जातात, आणि जिचा लाभ जमाखर्चाच्या वहीत वेतनबचत म्हणून दिसतो, तिला आपत्ती म्हणावे कसे? ती तर व्यवस्था झाली. आणि व्यवस्थेला आपद्धर्माची वस्त्रे नेसवून एका बावीस वर्षांच्या मुलीच्या सदसद्विवेकबुद्धीपुढे उभे करणे, हा धर्माच्या नावावर होणारा गंभीर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या ठिकाणी निष्काम कर्माचा उपदेश पुढे येतो, आणि मी तो आयुष्यभर शिकवला असल्यामुळे त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला प्राप्त आहे. फळाची आशा सोडून कर्म करावे, हे खरेच. परंतु हा उपदेश करणारा स्वतः घोड्यांचे लगाम हाती घेऊन रणात उभा होता, आणि तिन्ही लोकांत मला मिळवायचे असे काही उरलेले नाही, तरीही मी कर्म करतो, असे तो तिसऱ्या अध्यायात सांगू शकत होता. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ ज्याच्या पदरात पडते, त्याने त्या दुसऱ्याला निष्कामतेचा पाठ द्यावा, असा प्रसंग गीतेत कोठेही नाही. निष्कामता ही मनुष्याने स्वतःपुरती स्वीकारायची साधना आहे. ती हाताखालच्या माणसावर फर्मानाने लादता येत नाही, आणि जादा तासांचा मोबदला मागणाऱ्याला सकाम म्हणून हिणवण्याचा अधिकार त्या मोबदल्याचा देणेकरी असलेल्याला तर मुळीच नाही. आपल्या कायद्यानेही १९४८ च्या कारखाने अधिनियमात जादा तासांना दुप्पट दराने वेतन ठरवले. रुग्णालय हा कारखाना नव्हे, हे मान्य. पण यंत्रासमोरच्या देहाचा थकवा ओळखणाऱ्या समाजाला रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या देहाचा थकवा ओळखता येऊ नये, याचा खेद वाटतो.

त्याहूनही महत्त्वाचे अठराव्या अध्यायात आहे. तेथे कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद सांगताना, पुढील परिणाम, होणारी हानी, दुसऱ्याला पोहोचणारी इजा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस, असे लक्षण दिले आहे. मी हा श्लोक वर्गात शेकडो वेळा समजावला, आणि प्रत्येक वेळी उदाहरण म्हणून एखादा उद्धट, अविचारी पुरुष डोळ्यांपुढे आणला. करुणेने भरलेली, पंधराव्या तासाला कुपीवरचे नाव न वाचता कुपी उचलणारी मुलगी या लक्षणात बसू शकते, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. तिचा हेतू सात्त्विक होता यात संशय नाही. पण गीता त्या श्लोकात हेतूपाशी थांबत नाही, सामर्थ्याचाही हिशेब मागते. अमेरिकेत २००४ साली ३९३ परिचारिकांच्या दैनंदिन नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात, साडेबारा तास किंवा अधिक काम झाले की चूक होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढते असे आढळले. गीतेच्या सहाव्या अध्यायाने अति जागणाऱ्याला योग साधत नाही हे सांगितलेच होते, आणि ज्ञानदेवांनी त्यावरील निरूपणात निद्रेलाही मोजमाप असावे असा अर्थ उलगडला होता; आम्ही ते योग्याच्या आसनापुरते समजलो आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत नेले नाही.

चरकसंहितेने मात्र ते खाटेपर्यंत नेले होते. वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद मानून तिने परिचारकाचे चार गुण सांगितले: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यातील अनुराग रात्रभर जागूनही टिकतो, किंबहुना कधी कधी वाढतोही. ढळते ती दक्षता. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानणारा हा ग्रंथ, ज्ञान आणि अज्ञान, जीवित आणि मरण हेही निद्रेच्या अधीन असल्याचे सांगतो. आजच्या परिचर्येच्या पाठ्यक्रमात योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ अशा पाच योग्यता शिकवतात. त्या प्रथम ऐकल्या तेव्हा मला गीतेतील सात्त्विक दानाचे देश, काळ आणि पात्र हे निकष आठवले. दान चुकीच्या वेळी, चुकीच्या पात्री पडले तर दात्याचे मन कितीही निर्मळ असले तरी ते सात्त्विक राहत नाही. औषध हेही दानच आहे, आणि ते देणाऱ्या हाताची जाग हा त्या दानाचा भाग आहे.

एवढे म्हटले तरी भाचीच्या प्रश्नाचा पूर्वार्ध उरतोच. ती निघून आली, तर मागे कोण?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडून होता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. माझी शुश्रूषा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची शुश्रूषा करावी, हे त्यांचे वचन सर्वत्र सांगितले जाते. पण त्यानंतर त्यांनी काय केले, ते क्वचितच सांगितले जाते. त्यांनी संघ जमवला आणि या भिक्षूकडे कोणी का पाहिले नाही, असे विचारले. तो आम्हा कोणाच्या उपयोगी पडत नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी जबाबदारीचा क्रम बांधून दिला: उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य वा सहनिवासी असेल तर त्याने, आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने शुश्रूषा करावी, न केल्यास तो संघाचा दोष. करुणा त्यांनी स्वतःच्या हातांनी दाखवली, पण रुग्णाला एकट्याच्या करुणेवर सोडले नाही. शुश्रूषा हे संघाचे ऋण आहे, हा विचार मला या साऱ्या प्रश्नाचा कणा वाटतो. संघाने आपले ऋण सर्वांत धाकट्या भिक्षूच्या नावे चढवावे आणि त्याला तुझे पुण्य वाढते आहे असे सांगावे, हे बुद्धांनी चालू दिले नसते.

हे ऋण संघाने कसे फेडावे, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली एका पाशवी हल्ल्यानंतर शुद्ध हरपून पडल्या, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा प्राण गेला तोवर सुमारे बेचाळीस वर्षे त्यांच्या सहकारिणींनी त्यांची निगा राखली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणात निवाडा देताना या परिचारिकांच्या सेवेचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला. या बेचाळीस वर्षांत अनेक जणी निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांनी अरुणाबाईंना कधी हिंडताफिरताना पाहिलेही नव्हते अशा मुलींनी त्यांना भरवले, कूस बदलून दिली, अंग पुसले. या व्रतातली कोणतीही एक परिचारिका बेचाळीस वर्षे जागी राहिली नाही. प्रत्येकीने आपली पाळी संपताच दुसरीच्या हाती ताबा दिला आणि ती घरी गेली, आणि ती घरी गेली म्हणूनच दुसऱ्या दिवशी परत येऊ शकली.

परिचारिकांच्या बोलीत याला ओव्हर देणे म्हणतात. एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपाशी जात, कोणाचा ताप उतरला, कोणाची लघवी किती झाली, कोणाची सलाइनच्या सुईची जागा सुजली आहे, कोणाचा मुलगा गावाहून यायचा आहे, हे सारे येणारीला सांगणे, आणि तिने ते ऐकून घेणे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा कंदील जगाला ठाऊक आहे. पण परिचर्येवरील त्यांच्या १८५९ च्या पुस्तकातील एक अख्खे प्रकरण, आपण हजर असताना जे घडते ते आपल्या गैरहजेरीतही घडावे अशी तजवीज कशी करावी, याच विषयाला वाहिलेले आहे. रुग्णापासून दूर होण्याची ही विद्या त्यांनी सेवेचेच अंग मानली. मीच सर्व केले पाहिजे, माझ्यावाचून येथे चालणार नाही, ही भावना वरवर समर्पणासारखी दिसते. तिच्यात अहंकाराचा एक सूक्ष्म अंश असतो, आणि व्यवस्था नेमका तोच हेरून कुरवाळते. 'तू फार चांगली आहेस, म्हणून तुलाच सांगते,' हे वाक्य माझ्या भाचीने पाच वेळा ऐकले होते.

आपल्या भाषेत वेठ हा शब्द आहे. संस्कृत विष्टीपासून आलेला. गावगाड्यात महारांना वतनाच्या मानाखाली रात्रंदिवस वेळेची मर्यादा नसलेली कामगिरी करावी लागे, आणि त्या मानाचे खरे रूप ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरवली. शिकल्यासवरल्या पगारी परिचारिकेची स्थिती आणि ती दारुण स्थिती एकच आहे, असे म्हणणे त्या इतिहासाचा अपमान होईल, आणि मी तसे म्हणत नाही. पण मानाचे नाव देऊन वेळेची मर्यादा पुसून टाकण्याची युक्ती जुनी आहे, आणि ती ओळखण्याची दृष्टी आपल्याला महाराष्ट्रातच मिळाली आहे. वेठ आणि सेवा यांत बाहेरून पाहता एकच कृती दिसते. नकार देण्याची मोकळीक असली तरच थांबण्याला सेवेचा अर्थ येतो.

हे सर्व मी एका रविवारी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण मामा, त्या रात्री खरंच कुणी आलं नसतं तर?" तेव्हा मी म्हटले, "तर थांबायचं. खाटेवरचा माणूस असहाय आहे, त्याला सोडून येणं धर्म नव्हे. पण थांबलीस हे लिहून ठेवायचं, किती वाजेपर्यंत आणि कोणाच्या सांगण्यावरून तेही लिहायचं. आणि डोळे मिटायला लागले तर 'आता मी औषध देणार नाही, डॉक्टरांना बोलवा,' हे मोठ्याने सांगायचं." मग पापाचे काय, हा तिचा मूळ प्रश्न शिल्लक राहिला. त्याला आपल्या परंपरेत उत्तर आहे: करणारा, करविणारा, प्रेरणा देणारा आणि अनुमोदन देणारा हे चौघे पापपुण्याचे सारखे भागीदार. तिने बोटांवर चौघे मोजले. करणारी ती, करविणारी ड्यूटी-लिस्ट लावणारी माणसे, प्रेरणा देणारे, जागा रिकाम्या ठेवणारे. "आणि चौथा?" तिने विचारले.

चौथा मी होतो. तिच्या पहिल्या डबल ड्यूटीनंतर घरी आलेल्या पाहुण्यांना मी अभिमानाने सांगितले होते की आमची मुलगी सलग अठरा तास उभी होती. तिच्यासमोर सांगितले होते, आणि ती लाजून हसली होती. ते मी तिला बोलून दाखवले. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने त्या पहाटेच्या कुपीची हकिकत स्वतःच्या हाताने लिहून मेट्रनबाईंकडे दिली, कामाच्या तासांसह. पोटॅशियमच्या कुप्या आता वेगळ्या पेटीत, कुलपात असतात. रात्रीच्या रिकाम्या जागेवर अद्याप कोणी आलेले नाही.

काल तिची रात्रपाळी होती. आज सकाळी ती आली, दोन घास खाऊन आतल्या खोलीत निजली. मी दाराची घंटा काढून ठेवली, कुकर दुपारनंतर लावायला सांगितला, आणि खुर्ची बाहेर जिन्यापाशी घेऊन बसलो. भाजीवाला वर येऊ लागला तेव्हा मी ओठांवर बोट ठेवले. त्याने पाटी हलकेच खाली ठेवली आणि खुणेनेच विचारले, मेथी किती?